वाचकांचे प्रश्न : विनोदाची शिकवणी आणि मनाचे आजार

मानसिक आजारातून सावरणाऱ्यांसाठी काही पुनर्वसन केंद्रांत विनोद प्रशिक्षणाचे वर्ग घेतले जातात, अशी छोटी टीप मागच्या अंकात दिली होती. तिच्यावर सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून बरीच पत्रं आली. त्यातली काही इथे घेतली आहेत, ओळख पटेल असे तपशील काढून. उत्तरं नेहमीप्रमाणे मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि मनोसामाजिक कार्यकर्ते यांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या नियमित आहेत, दीड वर्षात अ‍ॅडमिट करावं लागलेलं नाही. डे-केअरमधल्या ताई म्हणतात, त्याला विनोदाच्या वर्गात बसवू. वडील म्हणतात, त्यापेक्षा सकाळी बागेत हास्यक्लबला ने, तेही फुकटात. दोन्ही एकच आहे का? आणि विनोद शिकवून येतो का हो?
— एक बहीण, जुळे सोलापूर

उत्तर : एकच नाही. पण वडिलांची गफलत समजण्यासारखी आहे, कारण हास्यक्लबाची सुरुवातही विनोदापासूनच झाली. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी मुंबईतल्या एका बागेत पाच जणांना घेऊन पहिला क्लब सुरू केला, तेव्हा एकेक जण विनोद सांगायचा आणि बाकीचे हसायचे. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले, उरलेले चारचौघांत सांगण्यासारखे नव्हते. मग विनोद वगळून नुसतं हसायचं, सोबत टाळ्या आणि श्वास, अशी पद्धत बसली. तो अंगाचा व्यायाम आहे आणि व्यायाम म्हणून चांगला आहे. हर्निया, नुकतंच झालेलं ऑपरेशन, आटोक्यात नसलेलं बीपी, काचबिंदू यांपैकी काही असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारायचं.

विनोद प्रशिक्षणात जोरजोरात हसण्याला फारसं महत्त्व नसतं. गंमत ओळखणं, ती कशामुळे झाली हे कळणं, स्वतः एखादी करणं आणि शेवटी अडचणीच्या वेळी ती आठवणं, या चार गोष्टी टप्प्याटप्प्याने शिकवल्या जातात. पॉल मॅक्घी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी बांधलेला सात सवयींचा क्रम यासाठी बऱ्याच ठिकाणी वापरतात. आपल्याला कशाचं हसू येतं ते शोधणं ही त्यातली सुरुवात. स्वतःकडे हलकेपणाने बघणं आणि ताणात विनोद वापरणं या दोन सवयी अगदी शेवटी येतात.

तुमच्या भावाच्या आजारात याचा विशेष उपयोग कुठे होतो, ते सांगतो. स्किझोफ्रेनियात समोरच्याच्या मनात काय चाललंय याचा अंदाज बांधणं अवघड जातं आणि शब्दाचा आडवा अर्थ निसटतो. ‘पोटात कावळे ओरडतायत’ म्हटलं की काही जण खरोखर पोटाकडे बघतात. विनोद नेमका या दोन गोष्टींवर उभा असतो. त्यामुळे चारचौघांत सगळे हसले की याला वाटतं, आपल्यालाच हसले. गंमत कुठे होती हे शिकता आलं तर तो संशय थोडा सैल होतो आणि गप्पांत बसायची भीती कमी होते.

पुरावा किती? आहे, पण छोटा. चीनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या पुनर्वसन वॉर्डातल्या ३० रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाला मॅक्घींच्या क्रमाने प्रशिक्षण दिलं, दुसऱ्याला हस्तकला. प्रशिक्षणाच्या गटात उदासी आणि चिंता कमी झाली, विनोदबुद्धीचे गुण वाढले. जर्मनीत ट्यूबिंगेनला नैराश्याच्या रुग्णांचा त्याहून छोटा गट घेतला होता. सत्र संपल्यावर मन हलकं व्हायचं आणि ताणात विनोद वापरता येईल असा भरवसा वाढला. या आजारात कानात येणारे, इतरांना ऐकू न येणारे आवाज यामुळे थांबत नाहीत. गोळ्यांना हा पर्याय नाही, आणि केंद्रातलं कुणी तसं सुचवलं तर तिथून भावाला काढून घ्या.

पाठवण्याआधी ताईंना तीन गोष्टी विचारा. गटात किती जण आहेत (आठच्या वर नकोत), भावाच्या डॉक्टरांना कळवलंय का, आणि मोबाईलवर शूटिंग करतात का. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे उपचार घेणाऱ्या माणसाचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. ‘आमच्या रुग्णांचं हसू’ असे व्हिडिओ टाकायची हौस हल्ली फार वाढली आहे, म्हणून हे आधीच बोलून घेतलेलं बरं.

प्रश्न : समाजकार्याचं शिक्षण घेऊन मी पुनर्वसन केंद्रात काम करते. आठ आठवड्यांचा गट सुरू करायचा आहे. माणसं किती, साहित्य काय, रोज काय घ्यायचं आणि कुठे फसतं, हे सविस्तर सांगाल का? आमच्याकडे पूर्व भागातले तेलुगू बोलणारे बरेच जण आहेत, दोघे-तिघे कन्नड बोलणारे.
— एक कार्यकर्ती, अक्कलकोट रोड

उत्तर : सविस्तरच लिहितो, कारण असे गट फसतात ते बहुतेक तयारीत.

आधी माणसं निवडा. सहा ते आठ जण आणि चालवणारे दोघे. एकाने सत्र घ्यायचं, दुसऱ्याने फक्त चेहरे बघायचे. दोघांशिवाय सुरूच करू नका, कारण एखादा उठून बाहेर गेला तर त्याच्यामागे जायला कुणीतरी लागतं. प्रत्येकाच्या डॉक्टरांकडून दोन ओळींची चिठ्ठी घ्या. सध्या उन्मादाच्या अवस्थेत असलेले, धमकावणारे आवाज ऐकू येणारे, नुकतेच वॉर्डातून सुटलेले आणि खाणं-झोप पार बिघडलेले नैराश्याचे रुग्ण या फेरीत नकोत. पुढच्या फेरीत घेऊ, असं त्यांना सांगायचं आणि खरंच घ्यायचं.

पहिल्या सत्राआधी पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी प्रश्नावली भरून घ्या. नऊ प्रश्न, एकूण गुण ० ते २७. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्य सोडून काहीही आलं तर बेरजेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. चौथ्या आणि आठव्या आठवड्याला पुन्हा भरून घ्या. ‘सगळे छान हसले’ ही नोंद कुणाच्याच कामाची नसते.

वेळ तासाभराची. पहिली दहा मिनिटं ख्यालीखुशाली, पंधरा मिनिटं सैल करणारे खेळ, पंचवीस मिनिटं मुख्य सराव, दहा मिनिटं आवरतं घेणं आणि घरचा अभ्यास. रात्रीच्या गोळ्यांची गुंगी बऱ्याच जणांना दहापर्यंत असते, म्हणून एरवी अकराची वेळ सोयीची. एप्रिल-मेमध्ये ती बदलून संध्याकाळी साडेपाचची करा. सोलापूरच्या उन्हात बाराला चालत घरी जाणं मनोविकारावरच्या अनेक गोळ्या घेणाऱ्यांना धोक्याचं असतं, कारण काही गोळ्यांनी घाम कमी येतो. लिथियम घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी कमी झालं की औषधाची रक्तातली पातळी चढते. हात जास्त थरथरणं, जुलाब, उलटी, अडखळत चालणं यातलं काही दिसलं तर सत्र राहू द्या आणि दवाखाना गाठा. पाण्याचा माठ खोलीतच ठेवा.

साहित्य साधं आहे : पांढरा फळा, दोन रंगांची पेनं, प्रत्येकाला एक वही आणि वर्तमानपत्रांतून कापलेली वीस-पंचवीस चित्रं, ओळी काढून टाकलेली. फळ्याच्या कोपऱ्यात तीन नियम आठही आठवडे तसेच ठेवा. खोलीतल्या माणसावर विनोद नाही. जात, धर्म, भाषा, शरीर यांवर नाही. ‘पास’ म्हटलं की कारण विचारायचं नाही.

भाषेचा नियम आपल्या गावात जरा जास्तच जपावा लागतो. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू एकाच गल्लीत नांदतात, त्यामुळे दुसऱ्याच्या मराठीची नक्कल हा इथला सगळ्यात सोपा विनोद, आणि गटात तो पहिल्याच दिवशी कुणीतरी करतोच. तिथल्या तिथे थांबवा, व्याख्यान न देता. तेलुगूतली कोटी मराठीत आणता येत नाही. सांगणाऱ्याला ती तेलुगूतच पूर्ण सांगू द्या, मग काय झालं ते त्याने मराठीत वर्णन करायचं. नाही कळली तरी चालतं; त्याला बोलायला मिळालं हे काम झालं.

आता आठवडे. पहिल्यात फक्त शोध : लहानपणी घरात कोण हसवायचं, कुठल्या प्रकारच्या गोष्टीला हसू यायचं, आजार सुरू झाल्यावर त्यात काय बदललं. दुसऱ्यात खेळकरपणा, म्हणजे हातातल्या टॉवेलचं दुसरं काहीतरी करून दाखवणं. सोलापुरी टॉवेलचा फेटा, झोळी, पदर, फोन काहीही होतं, आणि बोलायला बुजणारे इथे मोकळे होतात.

तिसरा आठवडा विनोद समजण्याचा. इथे घाई केली की गट फसतो. एक छोटा संवाद फळ्यावर लिहा :

‘मास्तर, पंढरपूरची गाडी किती वाजताची?’
‘साडेआठची.’
‘बरं. मग सुटते कधी?’

आधी दोन्ही चालकांनी तो चेहरा सरळ ठेवून वाचायचा. मग विचारायचं, ‘प्रवाशाला ऐकू आलं नाही का?’ एखादा नक्की म्हणतो, ‘साडेआठला सुटते, सांगितलं की त्यांनी!’ कुणी हसायचं नाही, चालकांनी तर नाहीच. फळ्यावर दोन चौकोन काढा. निळ्यात लिहा ‘पाटीवरची वेळ’, लालमध्ये ‘खरी वेळ’. पहिलं उत्तर कुठल्या चौकोनातलं? दुसरा प्रश्न कुठल्या? मास्तर एका चौकोनात बोलतोय, प्रवासी दुसऱ्यात आणि आपल्याला दोन्ही दिसतायत, म्हणून गंमत. स्किझोफ्रेनिया असलेल्यांना हे चौकोन फार उपयोगी पडतात, कारण ‘समोरच्याला काय माहीत आहे’ हे डोळ्यांना दिसतं. एका सत्रात असे तीनच संवाद घ्या. चौथ्याला लक्ष उडतं.

चौथ्या आठवड्यात शब्द. यासाठी आपल्याकडे आयता साचा आहे तो उखाण्याचा. पहिली ओळ तुम्ही द्यायची, दुसरी त्यांनी, नवऱ्या-बायकोच्या नावाची सक्ती नाही. समजा पहिली ओळ दिली, ‘गड्ड्याच्या जत्रेत पाळणा फिरतो गरगर’. कुणी पूर्ण करतो, ‘सकाळची गोळी घेतली की मी डुलतो घरभर’. सगळे हसतील, हसू द्या. पण चेहरे बघणाऱ्या चालकाने कागदावर टिपून ठेवायचं : याला सकाळच्या डोसाने गुंगी येते. डॉक्टरांच्या खोलीत ‘बरं आहे’ म्हणणारा माणूस यमकात खरं बोलून जातो. ती नोंद त्याला विचारून डॉक्टरांकडे पोचवा, डोस किंवा वेळ बदलता येते का ते डॉक्टर ठरवतील. गोळी स्वतःहून पुढे-मागे करायची नाही, हेही त्याच दिवशी सांगून टाका.

पाचव्यात रोजच्या जगण्यातली गंमत. घरचा अभ्यास : सात दिवस, रोज रात्री झोपण्याआधी त्या दिवशीच्या तीन गमतीदार गोष्टी आणि त्या का घडल्या, प्रत्येकी दोन ओळी. हा सराव झुरिक विद्यापीठाच्या संशोधकांनी सर्वसाधारण माणसांवर तपासला आहे आणि आनंद वाढल्याचं त्यांना दिसलं. नैराश्याच्या रुग्णाला तीन हा आकडा डोईजड होतो. त्याला एकच सांगा, आणि ‘ऐकलेली’ गोष्टही चालेल म्हणा. कोरं पान आलं तर ‘प्रयत्न करायला हवा होता’ हे वाक्य तोंडातून जाता कामा नये. त्याला ते घरून रोज ऐकू येतंच.

सहावा आठवडा स्वतःकडे बघण्याचा, सातवा ताणाचा. सहाव्यात नियम असा की चूक सांगायची ती बिनमहत्त्वाची : उलटा घातलेला शर्ट, चहात पडलेलं मीठ. आजारपणातला प्रसंग सदस्याने आपणहून आणला तरच, तोही सातव्यात. पाणी नेमकं पहाटे तीनला येणं, लाईट जाणं, सिव्हिलच्या ओपीडीतली रांग हे विषय सातव्यात उत्तम चालतात, कारण त्यात दोष कुणा एका सदस्याकडे जात नाही आणि अख्खं गाव सामील असतं. आठव्यात नवं काही नको. प्रत्येकाने वहीतून तीन गोष्टी निवडून एका कार्डावर लिहायच्या आणि ते कार्ड खिशात.

हा क्रम उलटा करायचा मोह होतो. ‘स्वतःवर हसायला शिका’ हे वाक्य ऐकायला झकास, म्हणून काही जण तिथूनच सुरुवात करतात. मनाने आजारी माणूस स्वतःला आधीच पुरेसं बोलत असतो. पहिल्या आठवड्यात त्याला ते करायला लावलं तर तो स्वतःला चारचौघांसमोर झोडपतो, बाकीचे हसतात आणि पुढच्या आठवड्यात तो येत नाही.

फसण्याच्या आणखी दोन जागा. चालवणाराच विनोदी असला की तो कार्यक्रम करतो आणि गट प्रेक्षक बनतो. सत्रात चालवणाऱ्याने दहा-बारा मिनिटांपेक्षा जास्त बोलायचं नाही. दुसरी जागा म्हणजे शेवटी ठेवलेलं स्नेहसंमेलन. कॅनडात व्हँकूव्हरला डेव्हिड ग्रॅनिरर २००४ पासून मानसिक आजार असलेल्यांना स्टँड-अप शिकवतात आणि त्यांना खऱ्या रंगमंचावर उभं करतात. ते बघून आपल्याकडेही हुतात्मा स्मृती मंदिरात कार्यक्रम लावू, असं संचालक मंडळातल्या कुणाला तरी सुचतं. तिथले लोक त्यासाठीच नाव नोंदवतात, महिनोन् महिने स्वतःचा मजकूर घासतात. आठ आठवड्यांच्या गटाला नातेवाईक, पाहुणे आणि माईक यांच्यासमोर ढकलणं ही वेगळीच गोष्ट आहे. नको.

प्रश्न : यंत्रमाग कारखान्यात कामाला आहे. डिप्रेशनची गोळी चालू. कारखान्यात मीच सगळ्यांना हसवतो, जास्त करून स्वतःवरच जोक मारतो. ‘काय करलालास बे’ म्हणून कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं, ‘मरायची वाट बघलालोय’. सगळे हसतात. बायको म्हणते हे बरं नाही. मला तर वाटतं, यामुळेच तगून आहे.
— एक कामगार

उत्तर : दादा, पहिलं सरळ विचारतो : ते उत्तर देताना मनात खरोखर मरणाचे विचार असतात का? असतील, अधूनमधून असतील, तरीसुद्धा आज बायकोला सांगा आणि डॉक्टरांना पुढच्या तारखेची वाट न बघता भेटा. ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. कसं करायचं हेही मनात ठरलं असेल तर एकटे राहू नका, सोबत कुणाला घेऊन सिव्हिलच्या अपघात विभागात जा. तुमच्या बायकोसाठीही एक गोष्ट : असं थेट विचारल्याने माणसाच्या डोक्यात तो विचार नव्याने शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते.

आता विनोदाचं. रॉड मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये विनोदाच्या चार तऱ्हा मोजणारी ३२ वाक्यांची प्रश्नावली केली. लोकांना जोडणारा, स्वतःला सावरणारा, दुसऱ्याला लागणारा आणि स्वतःला खाली पाडणारा. पहिल्या दोन्हींचं नातं बऱ्या मनःस्थितीशी दिसतं, चौथ्याचं उदासीशी आणि चिंतेशी. तुमच्या पत्रात पहिला आणि चौथा एकमेकांत गुंतलेत. माणसं जोडायची म्हणून तुम्ही स्वतःला पाडता. जोडणं सोडू नका, पाडणं तेवढं सोडवायचं आहे.

वहीत तीन रकाने करा. पहिल्यात जे बोललात ते जसंच्या तसं. दुसऱ्यात त्यातला मार कुणाला बसला : मला, माझ्या कामाला, की परिस्थितीला. तिसऱ्यात तोच विनोद परिस्थितीवर वळवून. समजा पहिल्यात आहे, ‘माझं डोकं म्हणजे तुटका धागा, गाठी मारून सगळे दमले’. तिसऱ्यात येईल, ‘ह्या नव्या गोळीनं झोप अशी येते की मागाचा खटखटाट अंगाई वाटायला लागलाय’. हसू तेवढंच येईल, पण मार गोळीला बसला. (झोप खरोखर तशी येत असेल तर मात्र मागावर उभं राहू नका. धावत्या धोट्यापुढे पेंग म्हणजे बोट जाण्याची गोष्ट. डॉक्टरांना आधी सांगा.) दिवसाला एकच वाक्य करा. पहिले आठ-दहा दिवस तिसरा रकाना रिकामा राहील किंवा फिका वाटेल, कारण स्वतःला पाडणारा विनोद झटकन सुचतो, त्याची सवय पडलेली असते.

आणि ‘मरायची वाट’ हे उत्तर बंदच करा. ते खरं असेल त्या दिवशीही लोक हसतील, ही त्यातली अडचण आहे.

प्रश्न : मुलगी एकवीसची, बायपोलर. दोन आठवडे झाले, घर नुसतं हसवतेय. कोट्या, नकला, यमकं, थांबत नाही. किती दिवसांनी घरात हसू आलं! विनोदाच्या वर्गात घातलं तर चमकेल असं वाटतं.
— आई, बार्शी

उत्तर : मावशी, वर्ग राहू द्या. आधी झोप सांगा : किती तास झोपते, आणि कमी झोपूनही ताजीतवानी असते का? मध्ये थांबवताच येत नाही इतकं बोलते का? खर्च, फोन, नवे बेत वाढलेत का? थांबवलं तर चिडते का? यातली दोन उत्तरं ‘हो’ आली तरी हा उन्मादाचा चढ असू शकतो. आवाजाच्या साम्यावरून कोट्या करत एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या मारणं ही त्याची ओळखीची खूण आहे. या आठवड्यातच डॉक्टरांना भेटा, गोळ्या खरंच पोटात जातायत का ते बघा. तोवर तिच्या विनोदांना टाळ्या नकोत, रागावणंही नको. पाहुणे कमी करा, रात्री दिवे लवकर मालवा. उतरल्यावर दोन-तीन महिने स्थिर गेले की वर्गाचं बघू. तेव्हा तिला जमेलही छान.

प्रश्न : वडील गटात जातात, पण सगळे हसले तरी यांचा चेहरा दगडासारखा. पैसे वाया चाललेत का?
— वाचक, पंढरपूर

उत्तर : वडील हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन अशा गटातली गोळी घेत असतील तर चेहऱ्याचे स्नायू औषधामुळे आखडलेले असू शकतात. सोबत चालताना हात न हलणं, बारीक पावलं, लाळ गळणं, बोटांची थरथर आहे का बघा आणि डॉक्टरांना सांगा. यावर उपाय असतात. चेहऱ्यावरून मापू नका. घरी आल्यावर ‘आज कुणी काय सांगितलं?’ एवढं विचारा. त्यांना आठवत असेल, सांगावंसं वाटत असेल, तर पैसे वसूल आहेत.

प्रश्न : माझे मिस्टर दिवसातून कितीतरी वेळा हात धुतात, गॅसचं बटण पाच-पाचदा बघतात. ओसीडी सांगितलंय. कुठेतरी वाचलं की आजाराची थट्टा केली की त्याचा जोर जातो. म्हणून मी आणि मुलं चेष्टा करतो, पण ते जास्तच चिडतात.
— विजापूर रोड

उत्तर : तुम्ही वाचलंत ते अर्धंच वाचलंत. व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांनी अशी पद्धत वापरली होती, की ज्याची भीती वाटते तेच मुद्दाम, अतिशयोक्तीने, हसत मागायचं. पण मागणारा रुग्ण स्वतः असतो आणि शेजारी शिकवणारा असतो. घरच्यांनी केली की ती टिंगल होते. लाज वाटली की चिंता वाढते, चिंता वाढली की हात पुन्हा नळाखाली.

उपचार करणारे मानसशास्त्रज्ञ हो म्हणाले तर मिस्टरांना एक सराव करता येईल. ‘गॅस चालू राहिला असेल’ हा विचार आला की तो बसस्टँडवरच्या घोषणेच्या सुरात मनात म्हणायचा : ‘प्रवाशांनी लक्ष द्यावे, गॅसचा विचार फलाट क्रमांक तीनवर येत आहे.’ विचार खोटा ठरवायचा नाही, हुसकायचाही नाही. आला, घोषणा झाली, आता तो आपोआप जाईल तेव्हा जाईल. मात्र घोषणा करून झाल्यावर बटण बघायला जायचं नाही, सगळी मेहनत तिथे आहे. घोषणाच पाच-पाचदा म्हणाविशी वाटू लागली तर तोही नवा विधी झाला. लगेच थांबवून मानसशास्त्रज्ञांना सांगा.

मुलांना आजपासून एवढंच सांगा की बाबांच्या हात धुण्यावर बोलायचं नाही. इतर कशावरही हसा, त्यांना सोबत घेऊन.

प्रश्न : मुलगा पार्क चौकातून जायला नको म्हणतो. तिथे चहाच्या टपरीवर हसणारी पोरं आपल्यालाच हसतात असं त्याला वाटतं. विनोदी कार्यक्रमाला नेऊन भीती मोडावी का?
— वडील, नवी पेठ

उत्तर : काका, नेऊ नका. अंधाऱ्या सभागृहात शेकडो लोक एकदम हसणार, आणि निवेदकाने पहिल्या रांगेतल्या कुणाची फिरकी घेतली तर संपलंच. लोक आपल्याला हसतील याची भीती काही माणसांत इतकी पक्की असते की संशोधक ती स्वतंत्रपणे मोजतात. मानसिक आजार असलेल्यांत ती जास्त आढळते. ती भीती आहे की पक्का संशय, हे आधी तपासून घ्या. ‘कदाचित मला तसं वाटत असेल’ असं तो म्हणू शकतो का? अजिबात नाही म्हणत असेल, किंवा ती पोरं मुद्दाम त्याच्यासाठी तिथे बसवलीत असं सांगत असेल, तर हा डॉक्टरांचा विषय आहे, सरावाचा नाही.

‘कदाचित’ असं म्हणू शकत असेल तर हळूहळू. पहिला आठवडा घरात दोघांनी मिळून काहीतरी गमतीचं ऐकायचं. दुसऱ्यात एखादा विश्वासातला मित्र घरी. तिसऱ्यात टपरी लांबून, रस्त्याच्या पलीकडून, दहा मिनिटं. तेव्हा त्याने मोजायचं : हसणाऱ्यांपैकी कितीजण कुठे बघत होते, एकमेकांकडे, मोबाईलकडे, की आपल्याकडे. आकडे कागदावर लिहायचे. एखादा खरंच त्याच्याकडे बघत असेल तर ‘छे, कुणी बघत नाही’ असं खोटं सांगू नका. चौथ्यात तिथेच चहा, तुम्ही सोबत. एखादी पायरी जमली नाही तर मागच्या पायरीवर आणखी आठवडा.

प्रश्न : भावजय दिवसभर मोबाईलवर विनोदी रील बघते, एकटीच हसते. तिलाही स्किझोफ्रेनिया आहे. वर्गाला जायला कंटाळा करते, म्हणते मी इथेच शिकते. चालेल का?
— नणंद, कुंभारी

उत्तर : बघू द्या, पण अर्धा तास आणि रात्री नऊच्या आत. झोप बिघडली की हा आजार उलटायला वेळ लागत नाही. रील बघताना काही सुचवावं लागत नाही, कुणाला सांगावं लागत नाही, म्हणून त्याला सराव म्हणता येणार नाही. त्यात एक भर घाला : जेवताना तिने त्या दिवशीची एक गंमत मोबाईल न दाखवता आपल्या शब्दांत सांगायची. विड्या वळत बसलेल्या बायकांत सांगितली तर आणखी चांगलं, तिथे ऐकणाऱ्या आयत्या असतात आणि नजरा हातातल्या पानाकडे असतात, त्यामुळे बोलायला संकोच कमी.

मोबाईल बंद असतानाही ती एकटी हसते का, ते मात्र बघा. आणि एकदा सहज विचारा, ‘हे रीलवाले कुणाबद्दल बोलतात गं?’ ‘माझ्याबद्दल’ असं उत्तर आलं तर वाद घालू नका, मोबाईल हिसकावू नका. तारीख आणि तिचे शब्द लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन डॉक्टरांकडे जा.